पहिलं वाक्य कोणी बोलायचं

शरयूमावशी,

तू गेलीस त्याच्या तिसऱ्या दिवसापासून हैदराबादेतल्या नल्लकुंट्याच्या तुझ्या घरी माणसं भेटायला येऊ लागली आणि माधवची पंचाईत झाली. मुलगा तुझा खरा, पण अठरा वर्षं पुण्यात राहिलेला. येणाऱ्यांतले निम्मे लोक त्याच्या ओळखीचे नव्हते. तो मला म्हणाला, "वैदेही, तू दारात उभी राहतेस का? तुला कळेल कोण कोण आहे ते." मला तरी कुठे सगळे ठाऊक होते? पण शेजारच्या घरात लहानाची मोठी झाले, तुझ्या मागे मागे फिरले, म्हणून उभी राहिले.

तू जिथे नोकरी केलीस त्या हॉस्पिटलातली माणसं आली. निवृत्त झालेल्या आया, औषधांच्या दुकानातला एकजण, दोन नर्स. एक रिक्षावाले चाचा आले, अंबरपेठेहून. ते आत आलेच नाहीत. चपला काढून उंबऱ्याशी उभे राहिले आणि माधवला म्हणाले, "अम्मा को पैले दिन देखा तो मैं डर गया था साब. लगा अब चिल्लाती. चिल्लाई नै. पानी दी." एवढं सांगून ते गेले. मग माझ्या लक्षात आलं की येणारा प्रत्येकजण हेच सांगतोय. तू कशी होतीस, किती चांगली होतीस, हे कोणी फारसं बोलत नव्हतं. तू पहिल्यांदा कशी भेटलीस, ते मात्र प्रत्येकाला आठवत होतं.

आणि घाबरण्याजोगी तू होतीसच. खरं सांगायचं तर तुझा चेहरा कायम रागावलेला. कडक इस्त्रीची सुती साडी, घट्ट अंबाडा, जाड भिंगाचा चष्मा आणि त्यावर त्या दोन आठ्या. आमच्या गल्लीतली पोरं तुझ्या फाटकासमोरून जाताना आवाज खाली आणायची. चौकशीच्या काउंटरवर बसवायला तुला कोणी निवडलं असतं असं मला वाटत नाही. तू रेकॉर्डच्या खोलीत फाइली लावायचीस. काउंटरवरची बाई बाळंतपणाच्या रजेवर गेली म्हणून तुला चार महिन्यांसाठी तिथे नेलं आणि मग निवृत्तीपर्यंत कोणी हलवलं नाही. तूच सांगायचीस, "माझं तोंड बघून माणूस एकदा दचकायचा. म्हणून मला पुढचं सगळं नीट करावं लागायचं गे."

मी मात्र तुझ्याकडे आले ती माझं तोंड घेऊन.

तेवीस वर्षांची होते. इंजिनिअरिंग संपून वर्ष झालं होतं. एके दिवशी सकाळी चूळ भरायला गेले तर पाणी उजव्या ओठातून बाहेर. आरशात पाहिलं तर अर्धा चेहरा माझा आणि अर्धा कोणाचा तरी लोंबलेला. उजवा डोळा मिटेना. डॉक्टर म्हणाले, चेहऱ्याच्या शिरेचा लकवा आहे, बहुतेकांचा बरा होतो. माझा बहुतेक बरा झाला. पण पहिले तीन महिने 'प' आणि 'ब' ओठांतून हवा जाऊन फुटायचे, चहा पिताना रुमाल धरावा लागायचा, आणि हसले की तोंड एका बाजूला ओढलं जायचं. ते हसणं तर आजही तसंच आहे.

त्याच तिसऱ्या महिन्यात कुकटपल्लीच्या एका कारखान्यातून मुलाखतीचं पत्र आलं. यंत्रांच्या भागांचं ड्रॉइंग काढण्याचं काम, मला हवं तसं. आईनं लगेच तयारी सुरू केली. उजव्या बाजूला केस मोकळे सोडायचे, खुर्ची जरा तिरकी घ्यायची, कमी बोलायचं, आणि हसायचं तर अजिबात नाही. मी दोन दिवस तशी बसायची सवय करत होते. तू लोणच्याची बरणी परत द्यायला आलीस आणि दारातच थांबलीस.

"काय करायलीस अशी? मान आखडली का?"

आईनं सांगितलं. तू बरणी ठेवलीस, माझ्यासमोर बसलीस आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिलीस. तीन महिन्यांत माझ्याकडे इतकं सरळ कोणी बघितलं नव्हतं. सगळे माझ्या कानाकडे किंवा भिंतीकडे बघून बोलायचे.

"केसांच्या मागं काहीतरी हाय एवढंच दिसायलंय," तू म्हणालीस. "समोरचा तासभर तेच शोधत बसंल. तुझं एक अक्षर त्याच्या कानात जाणार नाही."

"मग काय करू?"

"उद्या दुपारी माझ्याबरोबर ड्यूटीवर चल."

तीन दुपारी मी तुझ्या काउंटरमागे स्टुलावर बसले. तू मला काही शिकवणार असं वाटलं होतं, पण तू नुसतं काम करत होतीस. दुसऱ्या दिवशी एक पन्नाशीचा माणूस आला आणि काउंटरवर हात आपटून लिफ्ट बंद का आहे म्हणून तेलुगूत ओरडू लागला. मी आक्रसून मागे सरकले. तू त्याच्या तोंडाकडे पाहिलंच नाहीस. काउंटरवरून वाकून त्याच्या पायांकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "कूर्चोंडि बाबू. बसा. आत कोण आहे तुमचं?" तो माणूस ओरडता ओरडता थांबला आणि खुर्चीवर बसला. त्याची मुलगी बाळंतपणाला आत होती आणि सकाळपासून त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं. तू फोन लावून दोन मिनिटांत बातमी काढून दिलीस.

तो गेल्यावर मी विचारलं, तुला कसं कळलं?

"एका पायात काळी चप्पल, एकात तपकिरी. माणूस घरातून पळत सुटलाय. लिफ्टसाठी कोण असा पळतंय?" मग तू म्हणालीस, "पण मला एवढंच कळलं की कायतरी झालंय. काय झालंय ते त्यानंच सांगितलं. मी विचारलं म्हणून."

त्या तीन दिवसांत तुझं एक मला विचित्र वाटलं होतं. दर दहा-पंधरा मिनिटांनी तू खुर्चीवरून उठायचीस, काउंटरच्या बाहेर जायचीस आणि रांगेतल्या प्रत्येकाशी एकेक वाक्य बोलून परत यायचीस. गुडघे दुखत असताना. मला वाटलं, बसून बसून पाय आखडतात म्हणून फिरते.

मग तुझ्या पुढच्या खोलीत आपली तालीम सुरू झाली. दारातून आत येणं मी किती वेळा केलं असेल कोण जाणे. फाइल छातीशी धरली की तू म्हणायचीस, "ढाल कामून घेतलीस? कोण मारायलंय तुला?" खुर्चीच्या टोकावर बसले की, "एवढ्यात निघालीस?" तीन माणसं समोर असली तर तिघांकडे बघायचं, प्रश्न एकानं विचारला असला तरी. पाय जमिनीवर टेकलेले हवेत. हात मांडीवर, दिसतील असे. मी एकदा भिंतीवरच्या आरशात पाहून हसण्याचा सराव करायला लागले तर तू उठून आरसाच उतरवून ठेवलास. "तिथं कोण हाय? तू एकटीच. माझ्याकडं बघून हस."

आणि ते वाक्य. ते तू मला तयार करून दिलं नाहीस, माझ्याकडून काढून घेतलंस. आत जाऊन बसल्यावर पहिल्या दहा सेकंदांत चेहऱ्याचं सांगून टाकायचं, एवढंच म्हणालीस. शब्द मीच शोधायचे. मी पहिल्यांदा जे म्हटलं त्यात तीनदा 'सॉरी' होतं. तू ऐकून घेतलंस आणि विचारलंस, "तू काय कोणाच्या पायावर पाय दिलास का?" मग दोन 'सॉरी' गेले, मग तिसराही गेला.

मुलाखतीत मी बसले, तिघांकडे पाहिलं आणि म्हटलं, "माझ्या चेहऱ्याची उजवी बाजू अजून पूर्ण बरी झालेली नाही. मी हसले तर ते वाकडं दिसेल, पण ते हसणंच असेल." मधले गृहस्थ हसले. उजवीकडच्या बाईंनी सुटकेचा श्वास सोडलेला मला ऐकू आला. मग पाऊण तास आम्ही बेअरिंगविषयी बोललो आणि माझ्या चेहऱ्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं, माझंसुद्धा.

नोकरी लागली. पेढे घेऊन आले तेव्हा तू एक खाल्लास आणि म्हणालीस, "त्यांची भीती घालवलीस, झालं. नोकरी तुझ्या डोक्यानं मिळाली." तेव्हाही आठ्या होत्याच.

मावशी, हे सगळं मी लोकांना पुष्कळ वेळा सांगितलंय. हॉस्पिटलातल्या त्या चपलांची गोष्ट तर आमच्या कारखान्यात नवीन माणसांनाही माहीत आहे. जे कोणाला सांगितलं नाही ते आता तुला सांगायचं आहे, आणि त्यातलं निम्मं तुला माहीत आहेच.

पंधरा वर्षांत मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला गेले. आता माणसं मी निवडते. दीड महिन्यापूर्वी एका रविवारी तुझ्याकडे जेवायला आले होते. तू भरली वांगी केली होतीस. मी मोठ्या तोऱ्यात सांगत होते की आता मला माणूस चार मिनिटांत कळतो. उदाहरण म्हणून लावण्या नावाच्या उमेदवाराचं सांगितलं. मुलगी आली, मार्क उत्तम, पण पूर्ण वेळ खिडकीकडे बघत होती. एकदाही माझ्या डोळ्यांत पाहिलं नाही. उत्तरं तुटक. मी चौथ्या मिनिटाला मनात काट मारली आणि दहाव्या मिनिटाला तिला पाठवून दिलं.

तू वाढता वाढता थांबलीस. "खिडकीकडं कामून बघत होती?"

"आत्मविश्वास नाही. नाहीतर काहीतरी लपवत असेल."

"तू विचारलंस?"

"मावशी, असं कोण विचारतं?"

"मी तुला हे शिकवलं?"

आवाज चढवला नव्हतास तू. पण मला लागलं. मी म्हटलं, तुझ्या काउंटरवर ते चाललं असेल, आम्हाला एका दिवसात पंधरा जणांना बघायचं असतं. आणि मग ते म्हटलं, जे परत घेता येत नाही: "तू रिटायर होऊन किती वर्षं झाली, आता तसं जग राहिलेलं नाही."

तू हातातलं भांडं खाली ठेवलंस. मला वाटलं आता रागावशील. तू खुर्चीवर बसलीस आणि ती गोष्ट सांगितलीस, जी माधवलाही माहीत नव्हती. मी त्याला परवा विचारलं.

काउंटरवर येऊन तुला दुसरंच वर्ष होतं. रांगेत एक माणूस उभा होता. इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी, चेहऱ्यावर हसू. तू त्याच्याकडे पाहिलंस, त्यानं नमस्कार केला. तुला वाटलं, याला घाई नाही. रडणारे, भांडणारे, धापा टाकणारे तू पुढे घेतलेस. दोनदा त्याच्या पुढे दुसऱ्यांना घातलंस आणि दोन्ही वेळा त्यानं हसून मान हलवली. पाऊण तासानं त्याचा नंबर आला तेव्हा तो म्हणाला, आई बाहेर बाकावर बसलीय, सकाळपासून तिला बोलता येत नाहीये आणि हात उचलत नाहीये.

"म्हातारी वाचली," तू म्हणालीस. "हात गेला. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तर. अगं, त्यानं लवकरच आणलं होतं. उशीर मी केला."

तू चष्मा काढून पदराला पुसलास.

"तो भित्रा होता गे. मोठ्या जागेत आला की हसायचा. भीतीनं हसणारी माणसं असतात. घरी जाताना त्यानं मला थँक्यू म्हटलं. ते माझ्या डोक्यातून जात नाही."

त्या दिवसापासून तू उठून रांगेत जाऊ लागलीस, प्रत्येकाला 'कोणासाठी आलात' म्हणून विचारायला. अठ्ठावीस वर्षं. तुझे गुडघे त्यात गेले हे मला तेव्हा कळलं, आणि मी ते ऐकूनही जेवण संपवून, हात धुऊन, "बघू" एवढंच म्हणून निघाले. फाटकाशी तू नेहमी 'ये गे' म्हणायचीस. त्या दिवशी म्हणाली नाहीस. मी वाट पाहिली नाही.

तीन आठवडे मी आले नाही. फोनही केला नाही. कामाचं निमित्त होतं, आणि निमित्त होतं हे मला कळत होतं.

आता ऐक. तिसऱ्या आठवड्यात मंगळवारी मी लावण्याला फोन करून परत बोलावलं. गुरुवारी ती आली. तशीच बसली, खिडकीकडे बघत. मी म्हटलं, "मागच्या वेळी मी तुम्हाला नीट ऐकलं नाही. तुम्हाला कसं बसलं तर बोलायला सोपं जाईल?" तिनं टेबलावरच्या कागदांकडे पाहिलं. मग म्हणाली, "मॅडम, एखादं ड्रॉइंग द्या ना. कागद समोर असला की येतं मला." मी टेबलावरचं एक उचलून दिलं. ती त्यावर झुकली आणि पाऊण तास बोलली. शेवटी पेन्सिलीनं एका कोपऱ्यात गोल केला आणि हळूच म्हणाली, हे माप असं असेल तर हा भाग बसणार नाही. ते ड्रॉइंग मी काढलेलं होतं. माप चुकलेलंच होतं.

ती खिडकीकडे का बघते, ते तिनं सांगितलं नाही. मीही पुन्हा विचारलं नाही. तू विचारलं असतंस की नाही, यावर मला तुझ्याशी बोलायचं होतं. शुक्रवारी तिला नेमणुकीचं पत्र गेलं. रविवारी मी तुझ्याकडे येणार होते. आईला सांगूनही ठेवलं होतं.

शनिवारी सकाळी अंघोळ करून तू देवापुढे बसलीस आणि उठलीच नाहीस. समोरच्या घरातल्या वहिनींनी आईला हाक मारली. मी कुकटपल्लीहून पोचले तेव्हा तुला पुढच्या खोलीत ठेवलं होतं. आठ्या गेल्या होत्या. तुझा चेहरा आठ्यांशिवाय कसा दिसतो ते मी पहिल्यांदा पाहिलं, आणि मला तो अजिबात आवडला नाही.

माफी मागायची होती, ती मागते. जग बदललं वगैरे मी जे म्हटलं ते मूर्खपणाचं होतं. पंधरा वर्षं तुझी गोष्ट सांगत फिरले आणि तिच्यातलं सोपं तेवढं उचललं. चपला बघायला शिकले, 'आत कोण आहे' हे विचारायला विसरले.

पण मावशी, सगळंच तुझं बरोबर होतं असं म्हणून मी थांबणार नाही. तसं म्हटलेलं तुला आवडायचंही नाही. एक वाद आपला पंधरा वर्षं चाललाय आणि मी त्यात हरलेले नाही. मी कधीमधी म्हणायचे, त्या दिवशी माझ्या चेहऱ्याबद्दल मलाच का सांगावं लागलं? ज्यांना बघवत नव्हतं त्यांची भीती मी का घालवायची? तू म्हणायचीस, "हौ, अन्याय हाय. पण पोटापाण्याला लागायचं होतं ना तुला?" मुलाखतीतल्या त्या वाक्यानं मला नोकरी दिली, मान वर करून चालायला शिकवलं. त्यासाठी मी तुझी जन्माची ऋणी आहे. आणि ते वाक्य मला म्हणावं लागलं याचा रागही तेवढाच जुना आहे. दोन्ही एकाच जागी राहतात. तू असताना मी हे इतकं सरळ कधी बोलले नाही. तुला वाईट वाटेल असं वाटायचं. खरं तर वाटलं नसतं. तू पान लावता लावता ऐकून घेतलं असतंस.

गेल्या आठवड्यात पुन्हा मुलाखती होत्या. अकरा जण. पहिला मुलगा दारात आला, फाइल छातीशी घट्ट धरलेली. मी उठले, दारापर्यंत गेले आणि म्हटलं, "मी वैदेही. माझा चेहरा हसताना वाकडा होतो, तेव्हा मी रागावले असं समजू नका. आज आम्ही तिघं तुम्हाला ड्रॉइंगविषयी विचारणार आहोत. पाणी हवंय? कुठल्या खुर्चीवर बसायला आवडेल?" त्याच्या मागून आलेल्या दहाही जणांसाठी उठले. दिवस लांबला, सहकारी घड्याळ बघत होते, माझी कंबर दुखली.

माझं म्हणणं आता असं आहे, मावशी, की पहिलं वाक्य टेबलामागच्या माणसानं बोलायचं. तू रांगेत जायचीस तेव्हा हेच करत होतीस, आणि मला मात्र उलटं शिकवलंस, असा माझा मुद्दा आहे. तू यावर काहीतरी म्हणाली असतीस. काय, ते मला ओळखता येत नाही. उत्तर तयार ठेवून बसले आहे, आणि समोरची खुर्ची रिकामी आहे.